एका बटणापुरता हात

अंबड एमआयडीसीतल्या एका फिटरचा उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने माउस धरला की बाण भलतीकडेच पळे. दुखण्यापेक्षा चिडचिडच जास्त.

त्याला स्टीफन हॉकिंग आठवले. त्यांचे हात चालत नसत, पण चष्म्याला इन्फ्रारेड सेन्सर. पडद्यावर अक्षरांवरून चौकट सरकत राहायची, हवं ते आलं की गाल किंचित हलवायचा. झालं! इंटेलने ही प्रणाली २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. बोलू न शकणाऱ्यांसाठीचं मुंबईच्या आयआयटीतलं ‘जेलो’ ॲप तर चित्राला बोट लावताच बोलतं.

मित्राकरवी त्याने जुन्या माउसच्या डाव्या बटणाला दोन वायरी डाग देऊन जोडून घेतल्या, टोकाला यंत्रांवर असतो तसला, दाबला की लागणारा लिमिट स्विच. तो पायाखाली ठेवला. कट्. फाइल उघडली.

प्लास्टर निघेल, ज्यांचं निघणार नाही त्यांचं काय, हे मात्र त्याच्या डोक्यातून जात नाही. असे स्विच तर अंबडच्या कारखान्यांत सापडतात.