पितळेच्या गावातली कार्बन सायकल

मधल्या मापाच्या रोड सायकलची कार्बन फ्रेम किलोभराच्या आसपास भरते. भंडाऱ्याच्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या तांदळाची पोती, दुधाच्या कॅन आणि दांडीवर बसलेली पोरे वाहणारी काळी सायकल अठरा-वीस किलोंची. तिच्याशेजारी ही फ्रेम दोन बोटांवर उचलली जाते. बहुतेकांना कार्बनची ओढ लागते ती या हलकेपणामुळे. पण नुसती फ्रेम आणून तिच्यावर एकेक भाग चढवत आयुष्यातली पहिली रोड सायकल स्वतः उभी करायला बसले, की वजनाचा विचार मागे पडतो. हाताने किती जोर लावायचा आणि कुठे थांबायचे, हे या कामात नव्याने शिकावे लागते.

भंडाऱ्यात हे शिकणे जरा जास्तच अवघड, कारण हा जिल्हा धातूंचा आहे. शहराला पितळेच्या भांड्यांनी नाव मिळवून दिले. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत, वरठीला पोलादाचा कारखाना. धातू ताणला की आधी वाकतो, त्याला पोचा पडतो, ठोकला की बऱ्याचदा सरळही होतो. चौकातल्या सायकल मिस्त्रीची विद्या या स्वभावावरच उभी आहे. क्रँकची कॉटर पिन हातोडीने ठोकून बसवायची, वाकलेला चिमटा ओढून सरळ करायचा, चाकाचा आउट तारा आवळून काढायचा. जुन्या सायकलच्या फ्रेमचे सांधे तर बहुधा पितळेनेच जोडलेले असत. पोलादी नळ्या खोबणीत बसवून तापवायच्या, मग नऊशे अंशांच्या आसपास वितळणारे पितळ नळी आणि खोबण यांच्यामधल्या बारीक फटीत आपोआप ओढले जाई आणि तिथेच गोठे. वरून काळा रंग चढला की ते दिसत नसे, पण सगळी सायकल त्याच्यावर तोलून असे.

कार्बनचे कुळ सुताचे. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम पदार्थाचे धागे ताणून धरतात, ते आधी हवेत दोनशे ते तीनशे अंशांवर भाजतात आणि मग प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या पुढे तापवतात. बाकीची मूलद्रव्ये निघून जातात आणि पाच ते सात मायक्रॉन जाडीचा, जवळजवळ निव्वळ कार्बनचा तंतू उरतो. माणसाचा केस त्याच्या दहापट जाड असतो. हे तंतू इपॉक्सीत भिजवून त्यांचे पातळ पट्टे करतात. पट्ट्यांचे शेकडो तुकडे साच्यात ठरलेल्या दिशांनी एकावर एक रचतात, आतून फुगा फुगवून दाबतात आणि उष्णता देऊन घट्ट करतात. नळीच्या लांबीने घातलेले थर वाकणे रोखतात, पंचेचाळीस अंशांत तिरपे घातलेले थर पिळणे रोखतात. मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोसा विणणाऱ्या माणसाला हे सांगावे लागणार नाही. सुताच्या दिशेने ओढलेले कापड ताठ धरते, तिरपे ओढलेले ढळते, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते.

कार्बन नाजूक असतो, असे सरसकट म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. तंतूंच्या दिशेने त्याची ताकद वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी जास्त भरते, आणि पुन्हा पुन्हा पडणारा ताण तो ॲल्युमिनियमपेक्षा चांगला सोसतो. त्याला सोसत नाही ते आडवे चेपणे, एका जागी बसलेला टोकदार मार आणि गरजेपेक्षा जास्त आवळलेला बोल्ट. आणि तो वाकून आधी सूचना देत नाही. धातूवर वाढलेल्या हाताला सवय असते ती या सूचनेची.

शर्यतींच्या जगात हा पदार्थ १९८६ मध्ये ठळकपणे पुढे आला. ग्रेग लेमाँडने त्या वर्षीची टूर द फ्रान्स कार्बन नळ्यांच्या सायकलवर जिंकली. पुढे सायकली इतक्या हलक्या होत गेल्या की आंतरराष्ट्रीय सायकल संघाला २००० साली शर्यतीच्या सायकलचे किमान वजन ६.८ किलो ठरवून द्यावे लागले. महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगला बळ आले ते २०१५ नंतर. त्या वर्षी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघातून पुरी केली. २०१७ मध्ये नाशिकचे डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकेकट्याने पार केली. नागपूर भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर आहे. तिथून ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, निघतात: दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. भंडाऱ्यातला तरुण कार्बन फ्रेमचा विचार करतो तो बहुतेक वेळा यांतला एखादा आकडा मनात धरून.

फ्रेम निवडताना रंगाआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली माप. क्रँकच्या मध्यापासून हेडट्यूबच्या माथ्यापर्यंतची उभी उंची आणि आडवे अंतर, म्हणजे स्टॅक आणि रीच, शरीराशी जुळले नाहीत तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. दुसरी टायरची जागा. पूर्व विदर्भात रोवणीच्या दिवसांत चिखलणीचे ट्रॅक्टर बांधीतून थेट डांबरी रस्त्यावर येतात आणि चिखलाचे गोळे मागे सोडून जातात. पंचवीस मिलिमीटरचा टायर जेमतेम मावणारी फ्रेम इथे अडते. बत्तीसचा मावेल अशीच घ्यावी. तिसरी बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलांचा एक्सल जिथे फिरतो ती जागा. दाबून बसवण्याचे बेअरिंग कारखान्याला सोयीचे असते, पण कवच जराही वाकडे असले तर ते कुरकुरते आणि काढायला-घालायला खास प्रेस लागते. आट्यांचे बेअरिंग एका पान्याने निघते. पावसामुळे दर काही महिन्यांनी सायकल खोलावी लागणाऱ्या प्रदेशात, प्रेस असलेल्या दुकानापासून दूर, पहिल्या सायकलसाठी आटेच बरे.

हे आटे बव्हंशी जुन्या इंग्रजी मापाचे असतात, १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला चोवीस. उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. बेअरिंग फिरताना कप हळूहळू उलट दिशेने सरकू पाहतो, त्याने सैल होऊ नये म्हणून ही योजना. डावे पायडलही याच कारणाने उलट्या आट्यांचे असते, आणि इथे काळ्या सायकलवर हात बसलेला मिस्त्री नवख्यापेक्षा पुढे असतो. कप आधी हातानेच तीन-चार फेरे फिरला पाहिजे. अडला तर बाहेर काढावा, आटे पुसावेत, ग्रीस लावावे आणि पुन्हा लावून पाहावा. पाना शेवटी.

सगळ्यात जड मनाने करायचे काम म्हणजे चिमट्याची वरची नळी कापणे. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते. खालचे-वरचे बेअरिंग, स्पेसर आणि स्टेम बसवून खूण करायची, आणि नळी स्टेमच्या वरच्या कडेपासून सुमारे तीन मिलिमीटर खाली राहील अशी कापायची, म्हणजे वरचे झाकण बेअरिंगवर ताण देऊ शकते. कापलेले परत जोडता येत नाही. म्हणून पहिल्यांदा दोन-तीन सेंटिमीटर जास्तच ठेवावेत, स्पेसर घालून सायकल महिनाभर चालवावी, पाठ आणि मान काय म्हणतात ते ऐकावे आणि मग उरलेली नळी कापावी. करवत बारीक दात्यांची, नळी गाइडमध्ये धरलेली, कापताना पाण्याची धार आणि तोंडावर मास्क, कारण कार्बनची धूळ फुप्फुसाला वाईट. पोलादी नळीत चांदणीच्या आकाराचे नट हातोडीने ठोकून बसवतात. कार्बनमध्ये ते तंतू कापत जाईल, म्हणून इथे आतून फुलणारा प्लग घालतात.

यानंतर टॉर्क पान्याचे राज्य सुरू होते. स्टेमचे आणि सीटपोस्टचे बोल्ट साधारण पाच न्यूटन मीटरचे असतात. दहा सेंटिमीटर लांबीच्या दांड्याला पाच किलो वजन टांगल्यावर जेवढा पीळ पडेल तेवढा. उलट कॅसेटच्या लॉकरिंगला चाळीस लागतात. हाताला दोन्ही ‘घट्ट’च वाटतात, आणि अंदाजाने आवळणारा हात पाचच्या जागी सहज दहा लावून जातो. भागावर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते हेही लक्षात ठेवावे. कार्बन सीटपोस्टवर ग्रीसऐवजी बारीक कणांची पेस्ट लावतात. कणांमुळे घर्षण वाढते आणि कमी जोरात पकड मिळते. स्टेमचे चार बोल्ट चौकडीत, थोडे थोडे, आळीपाळीने. या कामात घाई करणाऱ्याला कार्बन माफ करत नाही.

वायर आणि ब्रेकच्या नळ्या फ्रेमच्या पोटातून ओढणे हे चिकाटीचे काम; चुंबक वापरला की जमते. पहिल्या सायकलला सगळे काही हेडसेटमधून लपवणारी फ्रेम घेऊ नये, कारण बेअरिंग बदलायला नळ्या उघडाव्या लागतात. चेनचे माप सोपे आहे. पुढची मोठी चेनरिंग आणि मागचे सर्वांत मोठे दातेरी चाक यांच्यावरून, गिअर बदलणारा डेरेलर सोडून, चेन फिरवायची आणि दोन कड्या जास्त ठेवायच्या. गिअर जुळवण्याआधी डेरेलर ज्या हँगरवर टांगला जातो तो सरळ आहे ना ते तपासावे. पार्सलमध्ये बऱ्याचदा तोच वाकतो.

चाकांपाशी भंडाऱ्याचा धातू पुन्हा भेटतो. तारांचा ताण धरणारे निप्पल पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे असतात. ॲल्युमिनियमचे काही ग्रॅम हलके. पण कार्बन आणि ॲल्युमिनियम ओल्या जागी एकत्र आले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजते. चार महिने पाऊस आणि दमट हवा असलेल्या प्रदेशात कार्बन रिमला पितळेचेच निप्पल घालावेत. तारा जुळवताना पितळ पान्याखाली गोलावत नाही, आणि आउट काढणाऱ्या गावच्या मिस्त्रीचा हात इथे पूर्ण कामाला येतो. हे काम त्याच्याकडूनच शिकावे. ट्यूबलेस टायर असतील तर उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा, आतले सीलंट लवकर सुकते. ते पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

खोगीराची उंची ठरवायला टाचेपासून जांघेपर्यंतचे माप ०.८८३ ने गुणतात. आलेला आकडा क्रँकच्या मध्यापासून खोगीरापर्यंतचा. तो फक्त आरंभबिंदू, पुढे शरीर दुरुस्त करत नेते.

पहिली फेरी लांबची नको. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरच्या ट्रकांच्या रांगेत तर नकोच. कोक्याच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी थोडे अंतर चालवावे, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवत हेडसेटमध्ये खळखळ आहे का ते पाहावे. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत, कारण भाग एकमेकांत बसताना थोडे सैल होतात. आणि सायकल कधी पडली, तर फ्रेम पुसून नाण्याने सगळीकडे टकटक करत जावे. निरोगी जागेचा आवाज टणक येतो. थर सुटले असतील तिथे तो बसका होतो. शेजारच्या नळीशी ताडून पाहावे, शंका असेल तिथे खूण करावी, आणि कार्बन दुरुस्त करणाऱ्या माणसाने ती जागा पाहीपर्यंत सायकल चालवू नये.