तूप, चुंबक आणि क्वार्क

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा जड आहे. प्रचंड मोठ्या चुंबकीय क्षेत्रात क्वार्कचं काय होतं? घाबरू नका, समीकरण एकही नाही. मी काही फिजिक्सवाला नाही, इंजिनिअरिंग करून आयटीत आलेला माणूस. पण या विषयात एक गोष्ट अशी घडली आहे, जी दिवसभर मॉडेल आणि फोरकास्टवर भरवसा ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना माहीत असायला हवी.

आधी थोडं बेसिक. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन क्वार्कचे बनलेले असतात, आणि क्वार्कना बांधून ठेवतात ते ग्लुऑन. एकटा क्वार्क कधी मोकळा सापडत नाही. पण हे सगळं तापवत नेलं तर साधारण १.८ लाख कोटी अंशांना (सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून जास्त!) प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळतात आणि क्वार्क-ग्लुऑनचा रस्सा तयार होतो. विश्वाच्या जन्मानंतरचे पहिले काही मायक्रोसेकंद सगळीकडे हा रस्साच होता.

गंमत म्हणजे हे विरघळणं पाणी उकळण्यासारखं नाही. पाणी १०० अंशांना पोचतं आणि सगळ्याची वाफ होईपर्यंत तिथेच अडून बसतं. थिजलेलं तूप मात्र हळूहळू मऊ होत पातळ होतं, नेमकं कोणत्या क्षणी वितळलं ते बोट ठेवून सांगता येत नाही. क्वार्कचं प्रकरण तुपासारखं आहे. २००६ मध्ये कॉम्प्युटरवरच्या गणिताने हे पक्कं झालं.

आता यात चुंबक आणू. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे अर्ध्या गाऊसपेक्षाही कमी. ते इतकं नाजूक की मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप अलिबागला न्यावं लागलं. ती वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. हॉस्पिटलमधलं नेहमीचं एमआरआय मशीन घ्या, १५,००० गाऊस. आणि मॅग्नेटार नावाच्या मेलेल्या ताऱ्यांच्या पृष्ठभागावर? एकावर चौदा-पंधरा शून्यं!

मॅग्नेटार म्हटलं की फार लांबचं काहीतरी वाटतं ना? तो लांब आहेच, पण त्याला ऐकणारा कान आमच्या शेजारी आहे. खर्डीहून सकाळी गाडी काढा, शहापूर, मुरबाड, माळशेज घाट करत नारायणगावच्या बाजूला उतरा, की खोडदला जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ४५ मीटर व्यासाची ३० अँटेनांची दुर्बीण. एक्सटीई जे१८१०-१९७ नावाचा एक मॅग्नेटार दहा वर्षं रेडिओवर गप्प होता. डिसेंबर २०१८ मध्ये तो पुन्हा जागा झाला, तेव्हा खोडदच्या अँटेनांनीही त्याचे सिग्नल टिपले. साडेपाच सेकंदांत एक गिरकी घेतो तो.

पण एवढं क्षेत्रही क्वार्कना जाणवत नाही. त्यासाठी एकावर अठरा शून्यं लागतात. सोन्याची किंवा शिशाची अणुकेंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांना घासून आदळवली की तेवढं क्षेत्र तयार होतं. अमेरिकेत ब्रुकहेवनला आणि युरोपात सर्नला हे केलं गेलं आहे. पण ते टिकतं किती? सेकंदाचे एकावर तेवीस शून्यं इतके तुकडे केले, तर त्यातल्या एखाद्या तुकड्याइतकं.

घरी खर्डीला आलो की माझा चुलतभाऊ (बारावी सायन्स) मला असल्या प्रश्नांत धरतो. "दादा, इतक्यात संपतं तर मोजतात कसं?" अरे, थेट मोजता येणं कठीणच. म्हणून गणित करतात, म्हणजे कोड लिहितात. अवकाश-काळाची एक जाळी घ्यायची, तिच्यावर क्वार्क-ग्लुऑनचे लाखो नमुने तयार करायचे आणि कोणता नमुना किती संभवतो त्याप्रमाणे सरासरी काढायची.

यात एक मोठी अडचण आहे. रस्सा दाट केला, म्हणजे घनतेचा नॉब फिरवला, की नमुन्यांची 'शक्यता' शून्याच्या खाली किंवा काल्पनिक आकड्यांत जायला लागते. उणे शक्यतेचे नमुने काढणार कसे? कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी २००५ च्या सुमारास यातून वाट काढली. घनता शून्य असतानाच गणित करायचं आणि टेलर श्रेणी वापरून पुढचा अंदाज बांधायचा. चुंबकाच्या नॉबला मात्र ही भानगड नाही. तो हवा तेवढा फिरवा, शक्यता अधिकच राहते.

इथेच ती गोष्ट घडली. रिकाम्या वाटणाऱ्या अवकाशात क्वार्क आणि प्रतिक्वार्कच्या जोड्या साचलेल्या असतात, आणि विरघळताना हा साठा मोडतो. चुंबकीय क्षेत्र जोड्या घट्ट करतं. म्हणजे मोडायला जास्त तापमान लागणार, बरोबर? बहुतेक मॉडेल्स हेच सांगत होती. २०१० मध्ये एका गटाच्या गणितातही तापमान किंचित वाढलेलं दिसलं, पण त्यांची जाळी भरड होती आणि क्वार्क खऱ्यापेक्षा जड धरले होते. २०११-१२ मध्ये दुसऱ्या गटाने बारीक जाळीवर, खऱ्या वजनाच्या क्वार्कसह गणित केलं. उत्तर उलटं आलं! क्षेत्र वाढवलं की विरघळण्याचं तापमान खाली येतं.

कारण काय? फीडबॅक. ग्लुऑनला वीजभार नाही, त्यामुळे चुंबक त्याला थेट काही करत नाही. पण क्वार्क बदलले की ते ग्लुऑनना बदलतात, आणि विरघळण्याच्या जवळपास हा परतीचा परिणाम जोड्यांच्या विरुद्ध जातो. मॉडेल्समध्ये हा परतीचा रस्ताच नव्हता. आपल्याकडे साइट मंद झाली की "सर्व्हर वाढवा" म्हणतात, पण प्रत्येक नवा सर्व्हर डेटाबेसला आणखी कनेक्शन उघडतो आणि एका मर्यादेनंतर सगळंच आणखी मंदावतं. तसंच.

२०२१ मध्ये आणखी पुढे जाऊन पाहिलं गेलं. क्षेत्र फारच वाढवलं, निसर्गात बहुधा कुठेच नसेल इतकं, तर तुपाचं पाणी होतं. म्हणजे हळूहळू मऊ होणं संपून खरंखुरं उकळणं सुरू होतं.

मॅग्नेटारच्या पोटात मात्र घनता आणि चुंबक, दोन्ही नॉब एकदम फिरलेले असतात. तिथे क्वार्कचा रस्सा आहे की नाही, हे अजून कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

काकांचं म्हणणं, पोराने कॉम्प्युटर घ्यावं, फिजिक्स करून खाणार काय? काळजी खरी आहे, मी ती हसण्यावारी नेली नाही. एवढंच म्हणालो, "काका, हे लोकही दिवसभर कोडच लिहितात. फक्त त्यांचा क्लायंट निसर्ग आहे, आणि तो फोरकास्ट ऐकून घेत नाही." काका यावर काही बोलले नाहीत. असो. पाऊस ओसरला की भावाला माळशेजमार्गे खोडदला नेऊन आणतो, मग काय ते त्याने ठरवावं.