सापडला तो चोर

यंत्र बिघडले म्हणजे माणसास प्रथम कारण सुचत नाही, आरोपी सुचतो. गेल्या वर्षी आमच्या घरचा संगणक असा काही मंदावला की, कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत चहाचा एक घोट घेऊन व्हावा. आणि त्याच्या पोटातील पंखा तर पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. आमचा पुतण्या शिक्षणाकरिता आमच्याकडे राहतो. आम्ही सायंकाळी कॉलेजातून परतावे, तो खुर्चीवर हा बसलेला, आणि पडद्यावर बहुधा मोटारींची शर्यत! एवढा पुरावा आम्हांस पुरला. "याच्या खेळांनी यंत्राचा जीव घेतला," असे आम्ही एकदा चार पाहुण्यांदेखत बोलूनही दाखविले. मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आपले काम करावयास मित्राच्या खोलीवर जाऊ लागला.

यंत्र मात्र होते तसेच घरघरत राहिले. ही विसंगती ध्यानात यावयास आम्हांस दोन महिने लागले, हे तर्कशास्त्र शिकविणाऱ्या माणसास फारसे भूषणावह नव्हे.

अखेर एका तरुण सहाध्यापकांनी 'प्रोसेस एक्सप्लोरर' नावाचा एक चिमुकला प्रोग्राम सुचविला. मार्क रसिनोविच हे त्याचे कर्ते. त्यांनी व ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ पासून असली हत्यारे लोकांस फुकट देण्यास आरंभ केला. २००६ साली मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी विकत घेतली, तरी ही हत्यारे आजही फुकटच मिळतात. संगणकात कोणकोणते प्रोग्राम चालू आहेत आणि प्रत्येकजण प्रोसेसरचा किती वेळ खातो, याचा हिशेब हा कारकून सेकंदासेकंदास मांडून दाखवितो. त्या यादीत त्याचे स्वतःचेही नाव व खर्च असतो. हिशेबनिसाचा एवढा प्रामाणिकपणा आम्ही तरी अन्यत्र पाहिलेला नाही.

यादीत 'सिस्टिम आयडल प्रोसेस' या नावापुढे ७२ टक्के पाहून आम्ही टाळीच वाजविली. चोर सापडला! पुढे कळले की, प्रोसेसरला काही काम नसते त्या रिकाम्या वेळासच हे नाव आहे. म्हणजे आम्ही दुसऱ्यांदा भलत्याच्याच मानगुटीस धरले होते. खरा गुन्हेगार त्याच्या खाली, २५ टक्क्यांवर निमूट बसला होता. आकडा लहान दिसतो खरा. परंतु आमच्या यंत्रातील प्रोसेसरास चार गाभे आहेत, आणि २५ टक्के म्हणजे त्यांपैकी एक सबंध गाभा रात्रंदिवस अडकवून ठेवणे. तो होता मराठी टंकलेखनाचा एक जुना प्रोग्राम. प्रश्नपत्रिका लिहिण्यासाठी काही वर्षांपूर्वी आम्हीच तो बसविला होता आणि विसरून गेलो होतो. कळ दाबली का, कळ दाबली का, असे तो अखंड विचारीत बसला होता.

या हिशेबाची रीत कुतूहलाने वाचीत असता आम्ही एका ठिकाणी थबकलो. जुन्या पद्धतीत घड्याळाच्या ठोक्याठोक्यास, सेकंदास सुमारे ६४ वेळा, नुसते डोकावून पाहात; त्या क्षणी प्रोसेसरवर जो सापडेल त्याच्या नावे तो अख्खा ठोका मांडीत. दोन ठोक्यांच्या मध्ये येऊन काम उरकून जाणारा साव ठरे. विंडोज ७ पासून पुढे मात्र प्रोसेस एक्सप्लोरर ज्याने त्याने प्रत्यक्ष खर्चिलेली आवर्तने मोजतो. आमची सायंकाळची फेरी पहिल्या पद्धतीची होती. ठोका एकच, साडेपाचाचा.

रात्री मुलगा जेवून आपल्या खोलीत निघाला, तेव्हा आम्ही त्यास हाक मारली. पाहुण्यांदेखत बोललेले एकांतात परत घेता येत नाही, हे आम्ही जाणून होतो. तरी जे सापडले ते सांगितले, आणि आमचे चुकले असेही म्हटले. तो बराच वेळ पडद्याकडे पाहात राहिला.

"काका, हा बंद केलात का?"

"नाही. तुला दाखवायचा होता."

"नुसता बंद करून भागायचं नाही. उद्या यंत्र सुरू केलंत की पुन्हा उठेल. मुळातून काढायला हवा." मग किंचित थांबून तो म्हणाला, "जरा उठता का?"

आम्ही खुर्ची सोडून उठलो.