तोफेच्या तोंडी

‘गोलंदाज’ हा शब्द वर्गात उच्चारिला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे क्रिकेटचे मैदान उभे राहते. तो मुळी रणांगणावरचा शब्द, असे सांगितले म्हणजे ते आमच्याकडे साशंक मुद्रेने पाहतात. फारसी समासात ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. तीर सोडणारा तो तीरंदाज, तसाच तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज. झाशीच्या राणीचा विश्वासू गोलंदाज गौस खान १८५८ साली किल्ला लढवीत असता पडला. त्याच्या हाती चेंडू नव्हता. मौज अशी की, ‘तोफ’ शब्दाचे मूळ जो तुर्की ‘तोप’, त्याचा एक अर्थ चेंडू असाच आहे! तेव्हा गोलंदाजाने गोळा टाकून चेंडू हाती घेतला, यात आम्हांस शब्दाची अधोगती दिसत नाही, सद्गतीच दिसते.

परंतु सर्वच शब्दांस अशी सद्गती लाभत नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी सहलीच्या निमित्ताने दौलताबादची मेंढा तोफ पाहिलीच असेल. मागील टोकास मेंढ्याचे मस्तक असलेल्या या तोफेस ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी, असेही नाव आहे. ती आता मुकी झाली आहे. भाषेत मात्र तोफ अद्याप डागली जाते. गृहपाठ न केलेला मुलगा मित्रास सहज म्हणतो, “तू मला मास्तरांच्या तोफेच्या तोंडी दिलेस!”

हे ऐकले की आमचे मन क्रांती चौकाकडे धावते. १८५७ च्या जून महिन्यात येथील छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात बंड उद्भवले. ते मोडल्यावर काही शिपायांस गोळ्या घालण्यात आल्या व काहींस खरोखरीच तोफेच्या तोंडी देऊन उडविण्यात आले. लोकस्मृतीप्रमाणे ती जागा म्हणजे काळा चबुतरा, आजचा क्रांती चौक. त्याच चौकावरून आमची कितीतरी मुले रोज शाळेस येतात.

हा वाक्प्रचार वर्ज्य करा, असे आम्ही कोणास सांगत नाही. भाषा कोणाच्या आज्ञेने चालत नाही. अर्थ मात्र आम्ही दरवर्षी सांगतो. यंदा नववीतील एका विद्यार्थ्याने निबंधात ‘तोफेच्या तोंडी दिले’ असे लिहून ते खोडले व त्याजागी ‘अडचणीत टाकले’ असे लिहिले. वाक्य थोडे फिके झाले खरे. गुण आम्ही पुरे दिले.