झाकणाची खोली

आमच्या चंद्रपूरकडे जेवणाचा डबा भोंग्याच्या मागोमाग आला असावा. ज्याचं शेत गावाला लागून, तो दुपारी घरी येऊन जेवतो, नाहीतर घरचं कुणीतरी शिदोरी घेऊन बांधावर जातं. पण एकोणिसाव्या शतकातच वरोऱ्याला कोळशाची खाण निघाली. पुढे घुग्गुस, माजरी, बल्लारपूर, मग बल्लारपूरचीच कागद गिरणी, दुर्गापूरचं वीज केंद्र. खाणीत उतरलेला माणूस भूक लागली म्हणून घरी येऊ शकत नाही. मग घरच त्याच्यासोबत जातं, दोन-तीन पुडांत.

गडचिरोलीच्या जंगलात मोहफुलं वेचायला, तेंदूची पानं तोडायला जाणाऱ्यांची जुनी सोय वेगळी होती. पाण्याला वाळक्या भोपळ्याचा तुंबा, वाढून घ्यायला पळसाच्या पानांचा द्रोण. तुंबा वर्षानुवर्षं चालायचा, द्रोण एका जेवणापुरता. फेकलेल्या द्रोणाचं कुणालाच काही वाटत नसे, कारण पावसाळा लागला की त्याची माती व्हायची. वस्तू पुन्हा पुन्हा वापरण्यात पुण्य आहे, हे आपल्याला प्लास्टिकने शिकवलं. 2018मध्ये राज्याने एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या भांड्यांवर बंदी आणली, तरी रस्सा अजून पिशवीला गाठ मारूनच घरी येतो. म्हणून डबा घ्यायचा, आणि तो टिकणारा घ्यायचा, एवढं ठरवून मी गोल बाजारात गेलो.

जर्मनचा डबा हलका आणि स्वस्त. पण आमच्या ताटात अंबाडीची भाजी असते, चिंच असते, ताकही असतं. असलं आंबट तासन्‌तास आत राहिलं की अ‍ॅल्युमिनियमचा अंश अन्नात उतरतो आणि डब्याला आतून बारीक खड्डे पडतात. पितळेसाठी शेजारचा भंडारा प्रसिद्ध. पण कल्हई उडाली की त्यात भाजी कळकते, आणि कल्हईवाल्याची हाक गल्लीत ऐकू येईनाशी झाली आहे. राहिलं स्टील.

दुकानदाराने गल्ल्यातून लोहचुंबक काढलं, डब्याच्या तळाला लावलं आणि सोडून दिलं. ते खाली पडलं. "पाहा भाऊ, चिकटत नाही. असली माल!" परीक्षा देखणी होती, पण अर्धवट. चुंबक न धरणारं स्टील 304चं असू शकतं, तसंच 202चंही. 304मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून 202मध्ये ते कमी करून मँगनीज वाढवतात. मीठ आणि आंबट यांच्यापुढे हे स्टील लवकर हार मानतं. उलट 304चा पत्रा दाबून वळवला की कोपऱ्यावर चुंबक थोडं धरू लागतं, म्हणजे चांगलाच डबा या परीक्षेत नापास व्हायचा. चुंबकापेक्षा तळावरचा 304चा शिक्का आणि पक्कं बिल बरं.

यातली गंमत अशी की स्वस्त डब्याचं सामान आमच्याच अंगणात आहे. लोहखनिज एटापल्लीच्या सुरजागडला निघतं. पोलादात घालायचं फेरोमँगनीज चंद्रपूरच्याच कारखान्यात तयार होतं. निकेल तेवढं दूरदेशाहून येतं. डबा मात्र कुठल्या तरी परगावाहून चकचकीत होऊन आमच्या बाजारात येतो.

मग झाकणाची पाळी. कोळशाची धूळ आत जाऊ नये म्हणून खाणवाल्याला घट्ट क्लिप हवी. पण भात वाफाळता असतानाच डबा बंद केला, की वाफेचं पाणी होतं, आतला दाब उतरतो आणि झाकण असं बसतं की दोघांनी ओढलं तरी निघत नाही. ते पाणी भातावर ठिबकतं, आणि पारा 47च्या घरात जाणाऱ्या आमच्या मे महिन्यात तो भात दुपारपर्यंत आंबतो. रबराची रिंग निघणारी हवी, नाहीतर सुक्या मासोळीचा वास रविवारीही जात नाही.

खणांचे डबे मात्र मी एकामागून एक बाजूला सारले. त्यात भाजी भाजीच्या जागी, लोणचं लोणच्याच्या जागी, आणि जेवणारा आपल्या जागी. धानाच्या रोवण्याला बायका बांधावर जेवायला बसतात तेव्हा एकीची अंबाडी दुसरीच्या भातावर जाते, जवसाची चटणी सगळीकडे फिरते. खाणीतही पाळीवरचे सोबती डबे मध्ये ठेवूनच बसतात. भोंग्याने माणसाला घरच्या पंगतीतून उठवलं, तरी त्याने कामावर दुसरी पंगत मांडलीच. तिथे झाकणाचीच ताटली होते. सपाट झाकणावर वरण टिकत नाही.

म्हणून मी दोन पुडांचा, साधा गोल डबा घेतला. एकट्याला थोडा मोठाच. शिक्का पाहिला, कडेवरून बोट फिरवलं, आणि झाकण उलटं धरून त्यात किती मावेल याचा अंदाज घेतला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, जेवण तर खालच्यात भरायचं असते!" खरं आहे. पण दुसऱ्याचं जेवण झाकणातच येतं.