खांबावरच्या दिव्याचं बिल

2021 च्या पावसाळ्यात आमच्या गावातले पथदिवे बंद झाले. दिवे गेले नव्हते, थकबाकीपोटी जोडणीच तोडली होती. राज्यभर त्या वर्षी हजारो गावांत हेच झालं. भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याजवळचं आमचं छोटं गाव. बाजार, दवाखाना, मोठ्या वर्गांची शाळा, सगळं केदारखेड्याला. तिथं बसमधून उतरायचं आणि पुढं पायी यायचं.

त्याच वर्षी जानेवारीच्या निवडणुकीत महिला राखीव जागेवरून मी ग्रामपंचायत सदस्य झाले होते. बाया थेट माझ्याच दारात आल्या. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा एकीनं विचारलं, "ताई, पोरीला अंधारात रोज आणायला जाऊ, का कापूस येचू?" या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी कागद वाचायला शिकले.

पथदिव्यांचं बिल आधी शासनाच्या अनुदानातून भरलं जायचं. 2021 मध्ये शासनानं सांगितलं, आता पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून तुम्हीच भरा. ऐकायला बरोबर वाटतं. पण ग्रामसेवक भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं तेव्हा कळलं, आलेल्या पैशातले साठ टक्के 'बंधित'. म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचे. उरलेले चाळीस टक्के 'अबंधित'. त्यातूनच रस्ता, नाली, अंगणवाडीची दुरुस्ती, आणि त्यातच मागच्या कित्येक वर्षांची थकबाकी. हे पैसे कशावर खर्चायचे याचा आराखडा आम्ही गावात बसून केला होता. बिलाची रक्कम त्यात घातली आणि अर्ध्या नालीचं काम कागदावरून पुसलं. गावानं ठरवायचं, असं म्हणतात. गावाच्या हाती ठरवण्यासारखं फार थोडं असतं.

घरपट्टीबरोबर दिवाबत्ती कर असतो, तो वसूल करा, असं वरून सांगतात. मी स्वतः दारोदार गेले. ज्याची सोयाबीन पाण्यात गेली त्याच्याकडे कर कोणत्या तोंडानं मागायचा? तरी लोकांनी दिला, जमेल तसा. हे मला मुद्दाम नोंदवायचंय, कारण गावं फुकट मागतात असं शहरात सर्रास बोललं जातं.

अंधारात मोटारी आणि शेळ्या चोरीला जाऊ लागल्या. पोलीस ठाणं दूर, माणसं मोजकी. पोलीस पाटील होते. 1967 च्या कायद्यानं नेमलेला हा माणूस गावातच राहतो, प्रत्येक भांडणात त्यालाच उठवतात. त्याचं मानधन तेव्हा महिन्याला 6,500 रुपये होतं. 2024 मध्ये ते 15,000 करण्याचा निर्णय झाला. रात्रीचा राखणदार ठेवावा म्हणून मी ठराव मांडला. वित्त आयोगाच्या पैशातून पगार देता येत नाही, असं उत्तर मिळालं. नियम खराच तसा आहे. मग पोरांनी गस्त सुरू केली, बॅटऱ्यांसाठी घरटी वर्गणी काढली. दिवसभर शेतात राबलेली पोरं रात्री जागत होती. त्याला लोकसहभाग म्हणून शाबासकी मिळाली. मला मात्र तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की राखण हे सरकारचं काम आहे आणि त्याचा पगार सरकारनंच द्यायला हवा.

थकबाकीचे हप्ते पाडून घेतले, दिवे लागले. चोऱ्या थांबल्या असं म्हणणार नाही, पण बाया पुन्हा संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर जायला लागल्या.

राहिला तो गावठाणाच्या बाहेरचा रस्ता, बस थांब्यापासून वेशीपर्यंतचा. तो आमच्या हद्दीत नाही, जिल्हा परिषदेकडं आहे. मार्च 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. निवडून आलेली माणसं नाहीत म्हणून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या वाट्याचे वित्त आयोगाचे प्रत्येकी दहा टक्केही अडकले. आपल्या गटाचा सदस्यच नाही, तर पोरीला अंधारातून आणणाऱ्या त्या बाईचा प्रश्न कुणापुढं मांडायचा?

म्हणून मी अर्ज लिहिते, पोच घेते आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद करायला लावते. मागणी एकच ठेवलीय: पथदिव्यांच्या बिलासाठी आणि रात्रीच्या राखणदारासाठी राज्यानं वेगळा निधी द्यावा, आणि त्या रस्त्यावर खांब कुणी लावायचे, ते लेखी कळवावं.