फिल्म कोणाकडून करून घ्यावी?

८ जानेवारी २०२४, सोमवार

नांदेडच्या फरसाणवाल्यांचा पुन्हा फोन. "ताई, फोटो बघितले. मशीन चालताना दाखवा." फोनवरून किती सांगणार? चकलीचं मशीन घ्यायला निघालेला माणूस भोसरीच्या आमच्या कारखान्यापर्यंत येतो, तो चकली तुटत नाही ना हे बघायला. आता तो येण्याआधीच बघू म्हणतो. त्यात चूक काय?

व्हिडिओ करायचा हे ठरलं. ह्यांचं म्हणणं, पुण्यात करणारे ढिगाने आहेत, कोणालाही सांगू. मी म्हटलं, आधी कागदावर लिहू की तो कोणी बघायचा. लिहायला बसल्यावर एकाचे तीन झाले. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तो मिनिटभराचा आणि उभा. मोशीच्या प्रदर्शनात स्टॉलवर दिवसभर फिरत राहणारा तो बिनआवाजाचा, कारण तिथल्या गोंगाटात ऐकू काहीच येत नाही. सगळं अक्षरांत हवं. तिसरा मशीन विकल्यानंतरचा: जाळी कशी बदलायची, धुवायचं कसं. हा झाला तर फोरमनकाकांचे निम्मे फोन वाचतील.

१० जानेवारी, बुधवार

तीन कंपन्यांना तोच कागद पाठवला: एक बाणेरची, एक कोथरूडची, एक पिंपरीची. तिघांचेही शोरील आले. ढोल-ताशासारखं संगीत, संथ गतीत उडणाऱ्या ठिणग्या, आकाशातून दिसणारी शेड. मशीनचा स्वतःचा आवाज एकातही नाही. दीड मिनिटाच्या शोरीलमध्ये वर्षभरातले सर्वांत देखणे तुकडे असतात. त्यावरून गोष्ट सांगता येते का, हे कळत नाही. म्हणून प्रत्येकाला लिहिलं: आमच्यासारख्या लहान कारखान्याची केलेली एक फिल्म, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत पाठवा, आणि त्यात तुमचं काम नेमकं कोणतं होतं तेही लिहा. कोणी नुसता ड्रोन उडवलेला असतो, पण फिल्म शोरीलमध्ये लावतो.

या शहरात कसबी माणसांची वाण नाही. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली, तिच्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. कॅमेरा, संकलन, ध्वनी शिकलेली मुलं लॉ कॉलेज रोडवर चहाच्या टपरीवर भेटतात. म्हणूनच निवड अवघड. सगळ्यांनाच चित्र छान काढता येतं.

१२ जानेवारी, शुक्रवार

बाणेरच्या कंपनीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन केला. "काम कसं केलं?" असं विचारलं की लोक भिडेखातर "छान" म्हणतात. मी विचारलं, "ती फिल्म सध्या कुठे दाखवता?" जरा थांबून ते म्हणाले, "वर्धापनदिनाला दाखवली होती." पुढचं विचारायची गरज राहिली नाही.

पिंपरीवाल्यांचं गिऱ्हाईक पंपाचं काम करतं. त्यांची फिल्म सेल्समनच्या मोबाइलमध्ये आहे, रोज दाखवली जाते. एक तक्रारही सांगितली: काम चार दिवस उशिरा मिळालं. तक्रार सांगणाऱ्याच्या कौतुकावर माझा जास्त विश्वास.

१५ जानेवारी, सोमवार, संक्रांत

तिळगूळ घेता घेता अण्णांनी दादासाहेब फाळक्यांचा विषय काढला. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याआधी भांडवल उभं करायचं होतं, तेव्हा दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप वाढताना थोडं थोडं टिपून छोटी फिल्म केली. ती पाहून कर्ज देणारा तयार झाला. पुढे त्यांनी तळेगावच्या काच कारखान्यावरही फिल्म केली. लोकवर्गणीच्या पैसाफंडातून १९०८ मध्ये उभा राहिलेला तो कारखाना. म्हणजे मराठी माणसाचा कारखाना तेव्हाच पडद्यावर आला, तोही आपल्या शेजारच्याच गावातला.

अण्णा म्हणाले, "वाटाण्याच्या फिल्ममध्ये फाळक्यांनी स्वतःची थोरवी नाही सांगितली. जे डोळ्यांना एरवी दिसत नाही ते दाखवलं." आमच्या स्क्रिप्टमधलं 'गुणवत्तेची अखंड परंपरा' हे वाक्य मी तिथेच खोडलं.

१७ जानेवारी, बुधवार

रेकीचा, म्हणजे जागेच्या पाहणीचा दिवस. पैशाचं बोलण्याआधी तिघांनीही शेडमध्ये येऊन जावं, अशी अट घातली होती.

बाणेरवाले आले नाहीत. "लोकेशनचे फोटो पाठवा, चालेल."

कोथरूडवाले वेळेवर आले, बोलायला गोड. ऑफिसची काच, बाहेरची बाग, सगळं आवडलं. मशीनपाशी आल्यावर म्हणाले, "हे झाकण काढता येईल का? आत फिरणारं दिसेल." ते झाकण म्हणजे सुरक्षेचं गार्ड. फोरमनकाकांनी सरळ सांगितलं, "गार्ड काढून मशीन चालू होणार नाही, आणि झालं तरी मी करणार नाही." गार्ड नसलेलं मशीन आमच्याच फिल्ममध्ये दिसलं असतं, तर विकत घेणाऱ्याने काय शिकायचं?

पिंपरीहून दोघं आली, कॅमेऱ्याची मुलगी आणि आवाजाचे एक वयस्क गृहस्थ. गृहस्थांनी आधी कॉम्प्रेसर बंद करायला सांगितला, मग चालू. दोन्ही वेळा नुसते ऐकत उभे राहिले. म्हणाले, "मशीनचा आवाज वेगळा घेऊ, काकांचं बोलणं कॉलर माइकवर, कॉम्प्रेसर बंद असताना." मुलीने फोनने ट्यूबलाइटखाली चित्र घेऊन दाखवलं: पडद्यावर पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० ठेवलं तर पट्टे जातात. मग तिने काकांना विचारलं, "गिऱ्हाईक सर्वांत जास्त काय विचारतं?" काका म्हणाले, "पीठ किती सैल चालेल." ती म्हणाली, "मग तीन पिठं मळून ठेवा. घट्ट पीठ अडकतं तेही दाखवू."

ह्यांना ते पटेना. आपल्याच मशीनमध्ये अडकलेलं पीठ कशाला दाखवायचं? संध्याकाळपर्यंत वाद. शेवटी काका म्हणाले, "अडकतं हे त्यांना माहीतच असतं, साहेब. काढायचं कसं ते दाखवा."

१९ जानेवारी, शुक्रवार

कोटेशन समोरासमोर ठेवली. सर्वांत स्वस्त कागदावर एकच ओळ: 'कॉर्पोरेट फिल्म, नग १', वर १८ टक्के जीएसटी. पिंपरीचा दर मधला, पण पानभर तपशील: शूटिंगचे दिवस, माणसं, दुरुस्तीच्या फेऱ्या, मराठी आणि हिंदी आवाज, उभी आणि आडवी प्रत.

आम्ही तीन गोष्टी लिहून घेतल्या. पहिली, हक्क: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन करवून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक करवून घेणाराच, पण वेगळा करार नसेल तर. म्हणून करार वाचून सही. दुसरी, संगीताचा परवाना कोणाच्या नावावर. तिसरी, न वापरलेलं फुटेज हार्डडिस्कवर आम्हाला.

ड्रोन वगळला. लोहगावचा हवाई दलाचा तळ जवळ, परवानगीची कटकट. आणि पत्र्याचं छप्पर पाहून कोणी चकलीचं मशीन घेत नाही.

पैशाची बाजूही लिहिली. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यायचं, असं २००६ चा कायदा सांगतो. मोठ्या कंपन्यांकडे आमचीच बिलं अडकतात तेव्हा हा कायदा आम्ही तोंडपाठ म्हणतो. तो इथेही पाळायचा.

२३ जानेवारी, मंगळवार

काम पिंपरीला दिलं. ज्यांना अशी निवड करायची आहे त्यांना एवढंच सांगेन: शोरील घरी बसून बघा, पण निर्णय कारखान्यात करा. दराचं बोलण्याआधी त्यांना मशीनपाशी उभं करा आणि ते तुमच्या कामगाराला काय विचारतात ते ऐका. जो काहीच विचारत नाही, त्याला काम देऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.